जास्तीचं ‘अजून’

माझ्या आत्याने एकतीस वर्षं एकाच नाटक कंपनीत नोकरी केली. त्या एकतीस वर्षांत प्रेक्षकांपैकी कोणी तिचा आवाज ऐकला नाही, आणि तिच्या कामाला याहून मोठं प्रशस्तिपत्र असू शकत नाही. ती प्रॉम्प्टर होती. डाव्या विंगेत तीन पायांच्या स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही ठेवायची आणि नट विसरला की त्याला पुढचा शब्द द्यायचा. शब्द नटाला ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेला जाता कामा नये. कंपनीत तिला सगळे कुजबुजताई म्हणत. तिला ते नाव मुळीच आवडत नसे. “कुजबुज ऐकू येते,” ती म्हणायची, “माझं काही ऐकू येतं का?”

तिच्या मते या कामात दोनच गोष्टी यायला लागतात. शब्द एकच द्यायचा, कारण दुसरा दिला की नटाचा अपमान होतो. आणि गप्प झालेला नट विसरलाय की अभिनय करतोय हे ओळखायचं. “विसरलेला माणूस खाली बघतो, अभिनय करणारा वर,” ती सांगायची. कुठेच न बघणाऱ्याचं काय, असं मी एकदा विचारलं. तो पगारासाठी आलेला असतो, म्हणाली.

ही सवय ती घरीही घेऊन यायची. तेव्हा ती आमच्याकडे मागच्या खोलीत राहायची. माझे वडील तिचे धाकटे भाऊ आणि बोलताना अडकणारे. “मी काल त्या... त्या...” म्हणून ते थांबले की भाजी चिरता चिरता आत्या मान वर न करता म्हणायची, “इलेक्ट्रिशियनला.” वडील म्हणायचे, “हं, इलेक्ट्रिशियनला फोन केला,” आणि पुढे जायचे. आपल्याला शब्द मिळाला हे त्यांच्या गावीही नसे. आईच्या मते आमच्या घरात वाक्यं दोघांत मिळून पूर्ण होत.

एकदा तिला बघायला एक गृहस्थ आले होते. बँकेत होते, विधुर होते, शर्टाला नीट इस्त्री होती. चहा झाल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “मला वाटतं, आपण दोघांनी आता... आता...” आणि त्यांनी खाली पाहिलं. आत्या म्हणाली, “थांबावं.” गृहस्थ म्हणाले, “थांबावं,” आणि बूट घालून गेले. घरात नंतर बराच गदारोळ झाला. आत्याचं म्हणणं एवढंच होतं की तोच शब्द त्यांच्या ओठांवर होता, तिने फक्त हातात दिला. ते गृहस्थ पुढे आयुष्यभर नव्या वर्षाला तिला शुभेच्छांचं कार्ड पाठवत राहिले, म्हणजे तिचं खरंही असेल.

आता त्या नाटकाबद्दल सांगते. नाव ‘उद्याचं टपाल’, पण कंपनीत आणि बाहेरही त्याला नुसतं ‘टपाल’ म्हणत. संगीत नाटक होतं, बारा गाणी होती. एका पोस्टमनकडे अर्धाच पत्ता असलेलं एक पाकीट येतं आणि तो तीन अंक ते घेऊन हिंडतो, एवढीच गोष्ट. नऊ वर्षं चाललं, सहाशे अडतीस प्रयोग झाले. पोस्टमनचं काम करणाऱ्या नटाला लोक पुढे जन्मभर पोस्टमनच म्हणत राहिले, मीही तेच म्हणते. आवाज असा की मागच्या दारातला तिकीट फाडणाराही काम थांबवून ऐकायचा.

दुसऱ्या अंकात त्याचं मोठं गाणं होतं. पोस्टमन एका इमारतीत जिने चढतो आहे, दारं वाजवतो आहे. पहिलं कडवं वरच्या सुरावर संपायचं, ऑर्गन थोडा वेळ एकटा वाजायचा आणि मग दुसरं कडवं सुरू व्हायचं:

अजून एक जिना, अजून एक दार,
कुणीतरी घरी असणार...

सातव्या प्रयोगाला त्या मधल्या वेळात पोस्टमनची टोपी पडली. ती उचलताना पहिला शब्द डोक्यातून गेला आणि त्याने खाली पाहिलं. आत्याने “अजून” दिलं, त्याने उचललं, गाणं पुढे गेलं. आठव्या प्रयोगाला टोपी पडली नाही. तरीही त्याने खाली पाहिलं. त्या दिवसापासून नाटक बंद होईपर्यंत त्या जागी तो शब्द आत्याच देत आली. बाकी सबंध नाटक त्याला तोंडपाठ होतं, इतरांची कामंसुद्धा. फक्त तो एक शब्द आपला नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं. आत्याच्या “अजून”वर तो श्वास घ्यायचा आणि स्वतःचं “अजून” लावायचा, आणि थिएटर गप्प व्हायचं.

मी अकरा वर्षांची असताना ते पहिल्यांदा पाहिलं. आत्याच्या पासवर पहिल्या रांगेत, डाव्या टोकाला, वडिलांच्या शेजारी. घरी येताना मी ते गाणं म्हणत होते, “अजून, अजून एक जिना...” वडील म्हणाले, एकदाच आहे. मी म्हटलं, दोनदा आहे, पहिल्यांदा हळू आणि मग मोठ्याने. वडील म्हणाले, मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. मी रडकुंडीला आले. लहानपणी माझे कान फार तिखट होते. खालच्या मजल्यावरचं भांडण मी अंथरुणातून ऐकून शब्दन्शब्द सांगत असे. शेवटी आई म्हणाली, दोनदा तर दोनदा, जेवा आता.

आठ वर्षांनी मी एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागले. तिसऱ्याच आठवड्यात ‘टपाल’च्या गाण्यांचं पुस्तक आलं, थिएटरच्या बाहेर ठेवायला. कवीच्या हस्तलिखितात एकच “अजून” होतं. मी एकोणीस वर्षांची आणि मला सगळं येत होतं. हे गाणं तर मला झोपेतही येत होतं. कवीच्या हातून शब्द राहिला असं समजून मी समासात खूण केली आणि दुसरं “अजून” घातलं. कोणी विचारलं नाही. दोन हजार प्रती छापल्या गेल्या.

कवी आठवडाभर संतापलेला होता. मग एका टीकाकाराने लिहिलं की या दुहेरी “अजून”मध्ये जिना चढणाऱ्या माणसाची दोन्ही पावलं ऐकू येतात. त्यानंतर कवी शांत झाला आणि सभासमारंभात स्वतःही दोनदा म्हणू लागला. काही वर्षांनी तो वारला, तेव्हा एकूण दोनच्या बाजूने होता.

आत्याने मात्र पुस्तक उघडलं, ते पान पाहिलं आणि बंद केलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने विंगेतलं स्टूल दोन हात मागे घेतलं. त्या प्रयोगाला पोस्टमनला शब्द पोचला नाही, ऑर्गनवाल्याने तोच तुकडा तीनदा वाजवला आणि मध्यंतरात दिग्दर्शकाने स्वतः येऊन स्टूल पुढे सरकवलं. मला कळत होतं की तिला काय वाटलंय. पुस्तकात ज्या अर्थी आलंय त्या अर्थी ते सगळ्यांना ऐकू जातंय, गेली आठ वर्षं, दर प्रयोगाला. खरं काय ते मी एका वाक्यात सांगू शकले असते. मी सांगितलं नाही. ते गाणं कुठे लागलं की मी ताटाकडे बघायचे, चपलांकडे बघायचे, जे समोर असेल त्याकडे बघायचे.

नाटक बंद झालं, आत्या निवृत्त झाली. कंपनीने तिला ते तीन पायांचं स्टूल भेट दिलं. तिने वेगळी खोली घेतली, तिसऱ्या मजल्यावर, शाळेच्या समोर. आणि नाटक बंद झाल्याला बारा वर्षं झाली तेव्हा कोणाला तरी आठवलं की ‘टपाल’चं रेकॉर्डिंग कधी झालंच नाही.

ध्वनिमुद्रकाला सगळे सबंध म्हणत, कारण कुठलीही गोष्ट घ्यायची तर सबंध घ्यायची असं त्याचं मत होतं. याआधी एका नाटकाचं रेकॉर्डिंग करताना त्याने तिन्ही घंटा घेतल्या होत्या, पडद्याची सळसळ घेतली होती आणि मध्यंतरही घेतलं होतं. पंधरा मिनिटांचं मध्यंतर सव्वा मिनिटाचं केलं, ही आपण केलेली तडजोड आहे असं तो सांगायचा. सीडी काढणाऱ्या कंपनीची बाई दुसऱ्या टोकाची. तिला दहा गाणी हवी होती, बेचाळीस मिनिटं, बोलणं अजिबात नको. सोबतच्या पुस्तिकेचा मजकूर माझ्याकडे होता, म्हणून त्या बैठकीला मीही होते.

“लोक गाणी ऐकतात,” बाई म्हणाल्या. “गाडी चालवताना ऐकतात. मध्येच कोणी भाड्यावरून भांडायला लागलं तर काय समजायचं त्यांनी?”

“घरमालकीण ‘इथे कोणी राहत नाही’ म्हणून दार लावते, म्हणून तो गायला लागतो,” सबंध म्हणाला. “दार लागलंच नाही तर गातो कशाला? त्याला काय गायचा आजार आहे?”

“आणि चौथं गाणं तिसऱ्या अंकात परत आहे. तेच गाणं दोनदा कशाला?”

“पहिल्यांदा म्हणतो तेव्हा त्याला वाटत असतं पाकीट पोचेल. दुसऱ्यांदा वाटत नसतं. तेच गाणं कसं?”

“शब्द तर तेच आहेत.”

“बाई, तुम्ही घरी ‘जेवायला चला’ रोज म्हणता ना? रोज तेच असतं का?”

बाईंनी थोडा विचार केला आणि परत येणारं गाणं ठेवलं. असं करत करत तीन बैठकींत ठरलं: बाराही गाणी, ती जिथे परततात तिथे परत, गाण्यात शिरणारं आणि गाण्यातून बाहेर पडणारं बोलणं, जिन्यावरचे बूट आणि दारावरची थाप. घंटा नकोत. मध्यंतर नको. एकाहत्तर मिनिटं. सबंधला वाटलं आपण हरलो, बाईंना वाटलं आपण हरलो, म्हणजे बैठक चांगली झाली. नाटकातलं मूळ दार मिळेना, ते कुठल्याशा गोदामाला लागलं होतं. शेवटी स्टुडिओच्या बाथरूमचं दार वाजवलं आणि ते मूळ दारापेक्षा खरं वाजलं.

मोठ्या गाण्याचं रेकॉर्डिंग सकाळी दहाला लागलं. पोस्टमन आता सत्तरीचा होता, गुडघे गेले होते, पण आवाज होता. काचेपलीकडच्या खोलीत तो माइकसमोर उभा राहिला. ऑर्गनवाला दुसऱ्या खोलीत, कानाला हेडफोन. पहिलं कडवं असं गायला की बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. वरचा सूर संपला. ऑर्गन एकटा वाजला. आणि पोस्टमनने खाली पाहिलं.

खाली त्याच्यासमोर स्टँडवर कागद होता. कागदावर मी मोठ्या अक्षरांत गाणं छापून दिलं होतं. त्याने कागदाकडे पाहिलं, ऑर्गन वाजून संपला, आणि तो तसाच उभा.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बाईंनी जाऊन त्या शब्दाखाली लाल रेघ मारली. सहाव्यांदा सबंधने काचेआडून हात हलवून इशारा केला. पोस्टमनने इशाऱ्याकडे बघून मान डोलावली आणि गप्प राहिला. असं अकरा वेळा झालं.

“अहो, समोर लिहिलंय की!” बाई माइकवरून म्हणाल्या. “वाचता येतंय ना?”

“वाचता येतंय,” पोस्टमन म्हणाला. “लागत नाहीये.”

मग तो टॉवेलने मान पुसत म्हणाला, “कुजबुजताईंना बोलवा.”

मी रिक्षाने जाऊन आत्याला घेऊन आले. वाटेत तिने फक्त एवढंच विचारलं, “खाली बघतोय का?” मी हो म्हटलं. तिने स्टूल बरोबर घेतलं होतं. स्टुडिओत खुर्च्या आहेत म्हटलं तर म्हणाली, खुर्चीत बसून मला आवाज लागत नाही.

ती पोस्टमनच्या डाव्या अंगाला, दोन पावलं मागे बसली. वही नव्हती, मांडीवर नुसते हात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. पहिलं कडवं झालं, ऑर्गन वाजला, त्याने खाली पाहिलं, तिचे ओठ हलले, आणि पोस्टमनचं “अजून” असं आलं की सबंधच्या हातावर काटा आला. तो मला हात दाखवत होता. गाणं एका दमात शेवटपर्यंत गेलं.

मग आम्ही सगळे अलीकडच्या खोलीत जमून ते ऐकायला बसलो. संगणकाच्या पडद्यावर पोस्टमनचा आवाज डोंगरासारखा वर-खाली जात होता. दोन डोंगरांच्या मध्ये सपाट पट्टी होती, आणि पट्टीच्या मधोमध मुंगीएवढा एक ठिपका. तो ठिपका आला आणि खोलीत स्वच्छ ऐकू आलं: “अजून.”

मी एकवीस वर्षांनी तो आवाज पुन्हा ऐकत होते. अगदी तसाच होता.

“हे काढा,” आत्या म्हणाली.

“काढा?” सबंध खुर्चीत गर्रकन वळला. “ताई, किती प्रयोगांत होता हा शब्द?”

“सहाशे बत्तीस.”

“सहाशे बत्तीस! मी त्याचे बूट ठेवतोय, दारावरची थाप ठेवतोय, आणि ज्याच्यावाचून गाणंच पुढे सरकत नाही तो शब्द काढू? मग सबंध कसलं ते?”

“पडदा दोरीने वर जातो. दोरी दाखवता का लोकांना?”

“आम्ही पुस्तिकेत तुमचं नाव घालू,” बाई म्हणाल्या. नाटकातलं काहीतरी ठेवावं असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. “‘दुसरा आवाज’ असं लिहू. आणि तसंही पुस्तकात दोन ‘अजून’ आहेतच. लोकांना तसंच पाठ आहे. कवींनीसुद्धा मान्य केलं होतं.”

आत्या स्टुलावर बसली. स्टूल तिने आतून परत आणलं होतं.

“तेच सांगतेय,” ती म्हणाली. “ते पुस्तक हातात पडलं त्या दिवशी मला कळलं, की मी आठ वर्षं ऐकू जात होते. मला वाटत होतं माझं काम चोख आहे. लोक माझ्याकडे बघून हसायचे, मला वाटायचं ओळख दाखवतात. मला लाज वाटते हो. एकतीस वर्षांत माझी एक चूक झाली, आणि तुम्ही नेमकी तीच जपून ठेवणार. मी मेल्यावरही ऐकू येत राहीन मी.”

मी पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघत होते. मग लक्षात आलं की मी ठिपक्याकडे बघत नाहीये, टेबलाखालच्या वायरींकडे बघतेय.

“पुस्तकातलं ते दुसरं ‘अजून’ मी घातलं,” मी म्हटलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं.

“मूळ कागदावर एकच होतं. मी छापखान्यात नवी होते. लहानपणी पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं, म्हणून मला वाटलं दोन आहेत. मी घातलं. बाकी कोणीच ऐकलं नव्हतं, आत्या. बाबा माझ्या शेजारी बसले होते, त्यांनाही नव्हतं ऐकू आलं. त्यावरून आमचं भांडण झालं होतं. आईला विचार.”

“मीही तेच म्हणतोय कधीचा,” पोस्टमन म्हणाला. “पुस्तकात हे दुसरं कुठून आलं? मला तर जेमतेम ऐकू यायचं.”

“फक्त तू?” आत्याने मला विचारलं.

“फक्त मी.”

ती हिशेब मांडल्यासारखी बसली. सहाशे बत्तीस प्रयोग, आणि अकरा वर्षांच्या एका मुलीचे कान.

“इतकी वर्षं सांगितलं नाहीस.”

“भीती वाटली.”

“ते गाणं लागलं की खाली बघायचीस,” ती म्हणाली. “मला वाटायचं, पोरगी सारखी काय विसरते.”

मला एकदम रडू आलं. चुकीच्या खुणेमुळे रडणारा मुद्रितशोधक मी तरी पाहिलेला नव्हता. बाईंनी मला रुमाल दिला. आत्याने माझ्या पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही, ती त्यातली नव्हती. ती म्हणाली, “घातलंस तू. आता काढायचंही तूच.”

पुस्तिकेत मी एकच “अजून” ठेवलं. मुद्रित तीनदा तपासलं, चौथ्यांदा वडिलांकडून तपासून घेतलं. त्यांनी ती ओळ मला मोठ्याने वाचून दाखवली, हवं होतं त्यापेक्षा मोठ्याने. आत्याचं नाव कुठेही घातलं नाही.

ठिपका पुसायचं काम सबंधचं. त्याने आत्याला शेजारी बसवून तिच्यादेखत तो पुसला. आता पट्टी साफ सपाट झाली. पण शब्द गेल्यावर तिथे उगाचच थांबल्यासारखं वाटत होतं, कारण पोस्टमन त्या शब्दासाठी थांबला होता. बाई म्हणाल्या, ही मोकळी जागा ओढून घ्या, सेकंदभराचं तर काम आहे. सबंधने हात मागे घेतले.

“शब्द ताईंचा होता, त्यांनी काढायला सांगितला, काढला,” तो म्हणाला. “जागा माझी. जागेला कोणी हात लावायचा नाही.”

आत्याने ते पुन्हा एकदा ऐकलं. काही ऐकू आलं नाही. ती म्हणाली, “हं. आता झालं पुरं.” सबंधचं आणि तिचं मत तेवढ्यापुरतं जुळलं.

सीडी निघाली. ती फार खपली असं नाही, पण शाळांच्या ग्रंथालयांत गेली, रेडिओवर लागली, आणि ज्यांनी नाटक पाहिलंच नाही ती मुलं ती गाणी त्या सीडीवरून शिकली. जुन्या पुस्तकवाल्या पिढीतले अजूनही दोनदा म्हणतात. ते भेटले की मी त्यांना माझी चूक समजावून सांगते आणि ते मला टीकाकाराची दोन पावलं समजावून सांगतात.

पाच वर्षांनंतरची गोष्ट. आत्या त्र्याहत्तर वर्षांची होती. शनिवारी सकाळी मी तिच्याकडे गेले होते. खिडकीशी बसून आम्ही दोघी मटार सोलत होतो. ती स्टुलावर, मी जमिनीवर. समोरच्या शाळेत गाण्याचा तास सुरू झाला. चाळीसेक मुलं असतील. पोस्टमनचं गाणं होतं. पहिलं कडवं त्यांनी जोरात, बेसूर आणि मनापासून म्हटलं. वरचा सूर निम्म्यांना लागला नाही. मग गाण्याच्या बाईंची पेटी एकटी वाजली.

आणि चाळीस मुलं थांबली.

पेटीचा तुकडा संपला होता. दुसरं कडवं तिथून लगेच सुरू व्हायला हवं. पण सीडीत तिथे जागा होती, म्हणून यांच्याही गाण्यात जागा होती. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार, इथे थांबायचं. का थांबायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यांच्या बाईंनाही नाही. अख्खा वर्ग श्वास धरून एका शब्दाची वाट बघत होता.

आत्याचा शेंग सोलणारा हात थांबला नाही. तिने मानही वर केली नाही. तिचे ओठ हलले.

“अजून.”

“अजून एक जिना,” मुलं ओरडली, “अजून एक दार...”

रस्त्यापलीकडे, बंद काचेआड, तो आवाज पोचणं शक्यच नव्हतं. आत्याने एक दाणा वाटीत टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

“ऐकू आलं का गं काही?”

मी छताकडे पाहिलं. तिथे एक जाळं होतं, ते काढायला हवं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “काय?”

मी कुठे बघतेय ते तिने पाहिलं. मग पुढची शेंग उचलली.

“काही नाही,” ती म्हणाली.